वळचणीतली दोन पानं

लग्नात वडिलांनी मला हंडा दिला नाही, सूक्ष्मदर्शक दिला. बेळगावच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकले. तिथं नवी यंत्रं आली तेव्हा जुनी मोडीत निघाली, त्यातलाच हा एक, पितळी, पोटाशी धरून उचलावा लागे असा जड. वडिलांनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि लाकडी पेटीत घालून माझ्याबरोबर पाठवला. सासरी पेटी उघडली तेव्हा सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, नळीत डोकावल्या, काही दिसलं नाही, आणि म्हणाल्या, "हंडा दिला असता तर पाणी तरी तापलं असतं."

सगळं गाव त्यांना आत्ती म्हणे, म्हणून मीही आत्ती म्हणायला लागले. बाजारकुणंगला आमचं घर, मागं जंगल, पुढं भाताच्या कुणग्या, म्हणजे लहान लहान खाचरं. नवरा कॅसलरॉकला रेल्वेत होता, सुटी मिळेल तेव्हा गाडीनं यायचा आणि आल्या पावली जायचा. घरात आम्ही दोघीच. दोन बायका, दोघी तोंडानं तिखट, आणि मध्ये मध्यस्थी करायला एक गाय. भांडणं व्हायची. पण भांडून झालं की आत्ती पहिला भात मला वाढायच्या, आणि मी तो आधी त्यांच्या ताटात सारायचे, आणि मग त्यावरून पुन्हा.

आत्ती औषध द्यायच्या, ते लहान मुलांच्या खोकल्याचं. भाताची मळणी झाली की सगळ्या वाडीत भुसाची धूस उडायची, पोरं रात्रभर खोकायची, आणि सकाळी आमच्या अंगणात कुणाचा तरी बाप नाहीतर आई उभी असायची. आत्ती त्यांना बाहेरच थांबवायच्या. स्वतः घरामागं जायच्या, परत येऊन चुलीपाशी बसायच्या, काहीतरी निखाऱ्यावर शेकायच्या, कुंभ्याच्या पानात गुंडाळायच्या आणि पुडी हातावर ठेवायच्या. पुडीत एखाद-दुसरं जाड, मऊ पडलेलं पान. त्याचा रस पोराच्या जिभेवर पिळायचा. पैसे घ्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे झाडाचं नाव विचारायचं नाही. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, ही तिथली पक्की समजूत. देणाऱ्यानं सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. रस पिळून उरलेला चोथासुद्धा फेकायचा नाही. तो घराच्या वळचणीत खोचून ठेवायचा आणि पोर बरं झालं की ओढ्यात सोडायचा.

नाव कळू नये म्हणून आत्ती आणखी एक करायच्या. पानाची कड सगळीकडून कातरून टाकायच्या. मला पहिल्यांदा वाटलं, कडेला काही विषारी असेल. मग एकदा घरामागं शेणकीच्या, म्हणजे शेणाच्या उकिरड्याच्या, बाजूला भाजी तोडायला गेले आणि हसूच फुटलं. आत्तींनी टाकलेल्या त्या कडांच्या चिंध्यांना ओळीनं रोपं फुटली होती! कातरलेल्या कडेच्या प्रत्येक खाचेतून दोन दोन इवली पानं आणि पांढरी मुळं. ही पानफुटी. पान जमिनीवर पडलं की कडेतून नवं झाड, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. जे गुपित आत्ती तोंडातून बाहेर पडू देत नव्हत्या ते घरामागं राजरोस उगवत होतं. त्या रोज जाऊन रोपं उपटायच्या, आणि ती पुन्हा यायची. मी काही बोलले नाही. बोलले असते तर औषध बंद पडलं असतं आणि माझं खाणंपिणंही.

गावाला मात्र नाव माहीत नसून माहीत होतं. म्हणजे गावानं आपल्या मनानं ठरवलं होतं. आमच्याकडं मोठ्या माणसांच्या खोकल्यावर निवडुंगाचं पान शेकून त्याचे दोन थेंब मधातून द्यायची पद्धत आहे. काटेरी फांद्यांच्या शेंड्याला जाड, लांबट पानं येतात तो हा निवडुंग, प्रत्येकाच्या वईला, कुंपणाला, असतो. आत्तींचं पानही जाड, आत्तींचं औषधही खोकल्याचं. कड कातरलेली, निखाऱ्यावर शेकलेली, आत मऊ लिबलिबीत झालेली ही दोन्ही पानं शेजारी ठेवली तर मीसुद्धा नुसत्या डोळ्यांनी सांगितलं नसतं कुठलं कुठलं. तेव्हा गावाचं मत असं, की आत्ती देतात तो निवडुंगच, पण त्यांचा हातगुण चांगला. नाव कुणी घेत नसल्यामुळं ही समजूत कुणी मोडलीही नाही.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मळण्या आटपत आल्या होत्या. शेजारच्या घरात नुकतीच पाऊल टाकायला लागलेली मुलगी होती, तिला खोकला झाला. तिचा बाप आमच्या नात्यातला नव्हे, पण मी त्याला भावजी म्हणायचे. भात करायचा आणि उन्हाळ्यात जंगलात लाकूडतोडीला जायचा. स्वभावानं गरीब, बोलण्यात अडखळणारा, आणि त्या मुलीवर जीव टाकणारा. आत्तींनी त्याला पुडी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्ती आणि मी घराला कुलूप लावून अणशीला गेलो, आत्तींच्या भावाच्या घरी लग्न होतं. तिथं आम्ही राहिलो, जेवलो, भांडलोसुद्धा, आणि परत आलो.

परत आलो तेव्हा वाटेत भेटलेल्या बायका आमच्याशी बोलेनात. अंगणात पाय ठेवला तरी कुणी हाक मारीना. शेवटी एकीनं सांगितलं. त्या मुलीचं तोंड पोळलं होतं. ओठ सुजून वर आले, जिभेवर फोड, दूध घेईना. बापानं खांद्यावर टाकून रामनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा कुठल्या तरी चिकाचा प्रताप, निवडुंगाचा असणार. पोर वाचली, उतारही पडत होता, पण गावात एकच वाक्य फिरत होतं: आत्तीनं निवडुंग पाजला.

आत्ती त्याच पावली शेजारच्या घरी गेल्या. मी मागं. भावजी दारातच उभा होता. आत्तींना पाहून त्यानं दार अडवलं. ह्या माणसानं आजवर आत्तींसमोर मान वर केली नव्हती.

"आत्ती, पोरीला हात लावू नका," तो म्हणाला. "लई झालं."

आत्ती वळल्या. घरी येऊन चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि ते उकळून आटून गेलं तरी तशाच बसून राहिल्या. मला त्यांच्या बोलण्याचा राग यायचा, पण त्या गप्प बसलेल्या मला पाहवेनात.

संध्याकाळी निरोप आला. उद्या सकाळी गावदेवीच्या देवळासमोर पंच बसणार. आत्तींनी देवीपुढं हात ठेवून सांगावं की इथून पुढं कुणाच्या पोराला औषध देणार नाही. एवढं सांगितलं की गाव विषय मिटवेल, पोलिसात जाणार नाही. निरोप आणणाऱ्याच्या दृष्टीनं ती सवलत होती.

"आत्ती, तुम्ही सांगून टाका ना," मी म्हटलं. "सांगा की तो निवडुंग नव्हे. झाड दाखवा सगळ्यांना."

"नाव घेतलं की गुण गेला," आत्ती म्हणाल्या. "मग उद्या कुणाचं पोर खोकलं तर काय देऊ? माती?"

"आणि उद्या देवीपुढं हात ठेवला तर काय द्याल?"

  नाव घेतलं तरी औषध गेलं, नाही घेतलं तरी गेलं. आत्तींच्या आईनं त्यांना दिलेलं, तिला तिच्या आईनं. आत्तींना दुसरं काही मिरवायला नव्हतं हो. नवरा लवकर गेला, मुलगा रेल्वेनं नेला, सून हंड्याऐवजी नळी घेऊन आलेली. सकाळी अंगणात कुणीतरी उभं असतं, एवढीच त्यांची श्रीमंती.

माझं डोकं तापलं की मला सुचतं, असा माझा अनुभव आहे. मला चोथा आठवला. वळचणीत खोचलेला चोथा, जो फेकायचा नसतो! मी मागच्या दारानं शेजारी गेले. भावजी मुलीपाशी बसला होता, त्याची बायको गोठ्यात होती. ती माझ्यापेक्षा लहान, माझ्याकडं वाचायला शिकत होती. मी म्हटलं, "औषधाचा चोथा दे मला."

ती घाबरली. "कशाला अक्का? पोर बरी झाल्याबिगर काढू न्हाई म्हंत्यात."

"पोर बरी व्हावी म्हणूनच मागतेय."

तिनं वळचणीत हात घातला आणि दोन गोळे माझ्या हातावर ठेवले. धुरानं काळे झालेले, चुरगळलेले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मी ते पदरात बांधले.

घरी येऊन दोन वाट्यांत कोमट पाण्यात भिजत घातले. सुकलेलं पान असं फुगवून घेतल्याशिवाय कापता येत नाही, भुगा होतो. सकाळी उजाडताच कच्च्या पपईची फोड घेतली, तिला चीर दिली, चिरेत पानाचा तुकडा अडकवला आणि नवऱ्याच्या वस्तऱ्यानं काप काढायला बसले. काप इतका पातळ हवा की त्यातून उजेड पार जावा. कॉलेजात ह्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही सांगते आणि का सांगू नये?

पहिल्या गोळ्याचा काप उत्तम आला. काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला, सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा उन्हाकडं फिरवला. पाण्यानं भरलेल्या मोठ्या मोठ्या पेशी, अधूनमधून तपकिरी रसानं भरलेली एखादी, आणि सालीचा पापुद्रा सोलून पाहिला तर पान श्वास घेतं त्या प्रत्येक छिद्राभोवती तीन पेशी, दोन मोठ्या, एक लहान. पानफुटीची खूणच ती. मी खूश. दुसरा गोळा लावला. त्यात काही धड दिसेना, नुसता राडा. शेकताना आच जास्त लागली होती, आतलं सगळं शिजून एकजीव झालं होतं. चार-सहा काप फुकट गेले, बोट कापलं, पपईची फोड लाल झाली. बाहेर देवळाकडं माणसं जाताना दिसत होती आणि मला रडू यायला लागलं.

आत्ती दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पान शेकताना कुठं धरत्यात, ठाऊक हाय का तुला? देठाकडं. बोटं भाजू न्हाईत म्हणून तेवढं आगीभाईर ऱ्हातंय."

मी अक्षरशः उठून त्यांना मिठी मारली. त्या "सर गे, वस्तरा हाय हातात" म्हणाल्या. देठाकडचं टोक कापलं, आणि ते कच्चंच होतं! काचेवर टिंचर आयोडीनचा थेंब सोडला, ती बाटली नवऱ्यानं रेल्वेच्या औषधांच्या पेटीतून आणून ठेवलेली. डोळा लावला. पेशींच्या मधून मधून वाकडीतिकडी जाणारी लांब नळ्यांची जाळी, आणि त्या नळ्यांत निळेकाळे कण, दोन टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक. हाडांसारखे. असे कण निवडुंगाच्या चिकातच असतात. पानफुटीत चीकच नाही, तर हे कुठून येणार?

आनंद झाला, पण क्षणभरच. म्हणजे एक पान पानफुटीचं आणि एक निवडुंगाचं. दोन्ही आत्तींच्या पुडीतून आली असतील तर? म्हातारपणी नजर चुकली असेल तर? मग मी माझ्याच हातानं त्यांच्या गळ्यात दोर घालत होते. मी वळून विचारलं, "आत्ती, पुडीत घातलेली पानं एकाच झाडाची होती का?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना चोर म्हटलं. "माझ्याकडं दुसरं झाडच न्हाई."

मी विश्वास ठेवला. शास्त्रात असं चालत नाही, पण मी सून होते, परीक्षक नव्हे. सूक्ष्मदर्शक पोटाशी धरला, बाटली, वस्तरा, वाट्या टोपलीत घातल्या आणि आत्तींच्या मागून देवळाकडं चालू लागले. जाताना त्यांना एवढंच म्हटलं, "नाव मी घेणार नाही. शब्द देते."

देवळासमोर झाडून सगळी वाडी जमली होती. थोरले पंच पारावर बसले होते, दाढी वाढलेले, बरे गृहस्थ, पण आज त्यांनाही आत्तींकडं बघवत नव्हतं. ते म्हणाले, "आत्ती, तुमचा गुन्हा म्हणत न्हाई आमी. वय झालं. आता सोडा हे. देवीम्होरं हात ठेवा, झालं."

आत्ती पुढं झाल्या नाहीत. मी झाले. पारापुढं अंथरलेलं घोंगडं सारून टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, "हात ठेवण्याआधी मला भावजींना एक विचारायचंय."

बाईमाणसानं मध्येच बोलायची तिथं रीत नव्हती. पण मी बेळगावची, कॉलेजातली, नवरा रेल्वेत, म्हणून मला थोडं चालवून घेत. पंचांनी मान हलवली.

"भावजी, वळचणीत दोन चोथे होते. दोन्ही आत्तींनी दिलेले का?"

"न्हाई," तो सहज म्हणाला. "एक त्येंनी दिलेलं. त्या दिशी पोरीला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिशी परत औषध मागाय आलो तर तुमच्या घराला कुलूप. मग मीच आणलं की पान, वईवरचं. पान तेच."

पारावरच्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. त्याला स्वतःला काही कळलं नव्हतं, बिचारा इकडं तिकडं बघत होता. मी म्हटलं, "तेच कशावरून?"

"तेच की वो. निवडुंग. सगळ्यांस्नी ठाऊक हाय." आणि मग जीभ चावून म्हणाला, "नाव घेतलं गेलं."

"आणि तोंड कधी पोळलं? पहिल्या पानानंतर की दुसऱ्या?"

त्याची बायको बायकांच्या घोळक्यातून हलक्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या."

लोकांत कुजबुज सुरू झाली. पण थोरले पंच हुशार. म्हणाले, "सुनबाई, पान तेच असंल तर पयलं कवा, दुसरं कवा, त्यानं काय व्हतंय? चीक एखाद्या पानात कमी, एखाद्यात जास्त. दोनी निवडुंगच न्हवं?"

हेच मला हवं होतं. मी म्हटलं, "मग वईवरचं एक ताजं पान आणा. तुमच्याच वईवरचं."

शाळेतलं टेबल आलं. ऊन चांगलं वर आलं होतं, आरसा हलवताच नळीत प्रकाश भरला. मी सगळ्यांसमोर ताज्या निवडुंगाचा काप काढला, आयोडीन टाकलं, आणि पंचांना म्हटलं, "या. डोळा लावा, दुसरा मिटा."

त्यांनी दोन्ही मिटले. मग दोन्ही उघडले. मग म्हणाले, "केस दिसतोय." ती त्यांची पापणी होती. हसणाऱ्यांना त्यांनी दटावलं, पुन्हा वाकले, आणि एकाएकी त्यांचा आवाज बदलला. "आगं आई! हाडकं! काळी हाडकं हायत ह्यात!"

मग काय विचारता! रांग लागली. जो तो वाकायचा, आधी काही दिसत नाही म्हणायचा, मग ओरडायचा. एका बाईनं देवळाकडं हात जोडले. मी सगळ्यांना पोटभर पाहू दिलं. मग वळचणीतल्या दुसऱ्या चोथ्याचा काप लावला. हाडकंच हाडकं. "हेच की," पंच म्हणाले, "हे त्येनं आणलेलं?" मी म्हटलं, "आता हे बघा," आणि पहिल्या चोथ्याचा लावला. तेच आयोडीन, तोच आरसा. ते बराच वेळ वाकून राहिले. काच हलवून बघितली. दुसरा काप मागितला, मी दिला. तिसरा मागितला, तोही दिला.

शेवटी ते ताठ झाले. "हाडकं न्हाईत," ते मोठ्यानं म्हणाले. "गोल गोल दाणं हायत थोडं, पर हाडूक एक न्हाई. नळ्याबी न्हाईत. हे झाडच येगळं."

"मग कुठलं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ते विचारायचं नाही," मी म्हटलं. "ते निवडुंग नाही, एवढंच मी सांगणार. नाव आत्तींपाशी आहे."

माझ्या आवाजात तेव्हा किती तोरा असेल याची मला आजही कल्पना आहे. असू दे. मी पदवी घेतली त्या दिवशी मला झाला नव्हता तेवढा आनंद त्या पारापाशी झाला. जे शास्त्र मी उगाच शिकले असं सासर-माहेर दोन्हीकडं म्हणत होतं, त्यानं एका बाईची उभ्या जन्माची पुण्याई गावासमोर ताठ उभी केली होती, आणि तिची रीत न मोडता. मला नाचावंसं वाटत होतं.

थोरले पंच आत्तींसमोर गेले. "आमचं चुकलं आत्ती. हात ठेवायचं कारण न्हाई." आणि मग लोकांकडं वळून, "उद्यापास्नं कुणी आपल्या मनानं पान तोडू नये. घराला कुलूप असलं तर वाट बघावी."

लोक बोलायला लागले, हसायला लागले, पण भावजी तसाच उभा होता. सगळं त्याच्या डोक्यात आत्ता शिरत होतं. "म्हंजे मी पाजलं," तो म्हणाला. "माझ्या पोरीला मीच पाजलं, आणि आत्तीला दारातनं..."  मोठा माणूस, लाकडं फोडून हात राठ झालेला, तोंडावर उपरणं धरून रडू लागला. मला त्याच्यावर हसायचंही नव्हतं आणि रागवायचंही नव्हतं. नाव विचारायचं नाही ही रीत त्यानं पाळली आणि त्या रीतीनंच त्याला फसवलं.

आत्ती त्याच्यापाशी गेल्या. त्या काय म्हणतात म्हणून सगळे थांबले. माझ्या आत्ती कुणाला सोडणाऱ्या नव्हत्या, मी घरात रोज बघत होते.

"रडतोस कशाला?" त्या म्हणाल्या. "चूक कुलपाची. इथनं म्होरं मी कुलूप लावणार न्हाई. ह्या सुनंला घरी ठेवून जाईन."

लोक हसले. तो हसला नाही. आत्ती वळल्या आणि घराकडं चालू लागल्या, कुणाचा निरोप न घेता. निकाल लागला होता, पण मला त्यांच्या चालण्यावरून कळलं की त्यांच्या मनातली भीती गेलेली नाही. पंचांनी परवानगी दिली म्हणून कुणी आपलं पोर पुढं करतं थोडंच? पोळलेलं तोंड सगळ्यांनी पाहिलं होतं. हाडकं दिसली, पटलं, सगळं खरं. पण आईच्या पोटातली धास्ती कुठल्या काचेवर ठेवून दाखवता येते? उद्या सकाळी अंगण रिकामं राहिलं तर पंचांचा निकाल काय कामाचा?

तेवढ्यात बायकांतून ती पुढं आली, भावजीची बायको. कडेवर मुलगी, ओठ अजून सुजलेले, नाक वाहत असलेलं. ती धावतच आत्तींच्या आडवी आली आणि मुलगी त्यांच्या हातात दिली, नुसती दिली, त्यांनी घेतली का नाही हेही न बघता. मुलगी खोकली. सगळ्यांना ऐकू गेलं.

"खोकला अजून हाय आत्ती," ती म्हणाली. "औषध द्या."

आत्तींनी मुलीला छातीशी धरलं. पदरानं तिचं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "चल," आणि पुढं निघाल्या. मागं ती, तिच्यामागं भावजी, मागं मी पोटाशी सूक्ष्मदर्शक धरून, आणि आमच्या मागं अर्धी वाडी. अंगणात येऊन सगळे थांबले, कुणी ओटीवर चढलं नाही. आत्तींनी मुलगी आईकडं दिली, एकट्या घरामागं गेल्या, चुलीपाशी बसल्या. बाहेर पुडी द्यायची रीत, पण त्या दिवशी त्यांनी पुडी बांधली नाही. पान मुठीत घेऊन बाहेर आल्या, ओटीच्या कडेला बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं रस तिच्या जिभेवर पिळला.

मुलीनं तोंड वाकडं केलं, आणि गिळला.